चक्कर घालवणाऱ्या कृती : कोणती, कोणासाठी?



या अंकात दवाखान्याचा नेहमीचा अहवाल न देता एका साध्या आजाराविषयी लिहीत आहे. साधा अशासाठी, की त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, महागडी तपासणी लागत नाही, बहुतेक वेळा गोळीही लागत नाही. तरीही सातपुड्याच्या या भागात या आजाराने माणसे आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेली मी पाहते. कूस बदलली, वर पाहिले, खाली वाकले की घर गरगर फिरू लागते. ओकारी येते. डोळे मिटून पडून राहावे लागते.

आपल्या मंडळीतही हे दुखणे नवे नाही. शहरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बहिणीला सकाळी उठताना अशी भोवळ आली, तर ती फार तर दोन दिवस आराम करते. डोंगरातल्या बाईचे तसे नाही. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन तिला उतार चढायचा असतो, वाकून निंदणी करायची असते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत जायची वेळ आली आणि ती उभी राहू शकली नाही, तर त्या हंगामाची मजुरी जाते. मग कोणी सलाईन लावून घ्यायला सांगतो, कोणी गोळ्या देतो, कोणी म्हणतो की बाहेरची बाधा आहे. पैसे सरतात, चक्कर राहते.

या चक्करेवर हातांनी करायचे काही उपचार आहेत. डोके ठरावीक क्रमाने वळवायचे, एवढेच त्यांत असते. असे उपचार एकाहून अधिक असल्यामुळे त्यांतला चांगला कोणता, असा प्रश्न भेटीस येणारे पाठीराखे मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर जरा सविस्तर देते.

कानात नेमके काय होते?

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. तिच्यातल्या युट्रिकल नावाच्या एका लहान पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे चिकटलेले असतात. आपण सरळ आहोत की कललेले, हे त्यांच्या वजनावरून मेंदूला कळते. त्या पिशवीला जोडून तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो आणि डोके वळले की तो हलतो.

वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा पुष्कळदा काहीच कारण न सापडता हे खडे सुटतात आणि एखाद्या नलिकेत जाऊन पडतात. मग डोक्याची बाजू बदलली की खडे घरंगळतात, द्रव ओढला जातो आणि डोके स्थिर असूनही मेंदूला 'आपण फिरतो आहोत' असा चुकीचा निरोप जातो. खडे खाली बसले की निरोप थांबतो. म्हणून ही भोवळ सहसा एका मिनिटाच्या आत ओसरते आणि पुन्हा कूस बदलली की परत येते. डॉक्टर मंडळी तिला 'बीपीपीव्ही' म्हणतात. स्थिती बदलल्याने येणारी, जिवाला धोका नसलेली भोवळ, असा त्याचा अर्थ.

दहापैकी आठ-नऊ रुग्णांत खडे मागच्या नलिकेत असतात, कारण ती सर्वांत खाली आहे. काहींत ते आडव्या नलिकेत जातात. वरच्या नलिकेत क्वचितच सापडतात. नलिका कोणती आणि कान कोणता, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो.

आधी परीक्षा, मग उपचार

'चक्कर येते' या दोन शब्दांत आमच्याकडे पुष्कळ आजार लपलेले असतात. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे आणि निजल्यावर छप्पर गरगरणे वेगळे. अंगात रक्त कमी असलेली बाई, सिकलसेलचा मुलगा, सकाळपासून उपाशी राबणारा मजूर, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा, हे सगळे चक्करच सांगतात. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते, 'उठल्यावर येते की कूस बदलल्यावर?' दुसरा, 'किती वेळ टिकते?'

उत्तर बीपीपीव्हीकडे झुकले, तर डिक्स-हॉलपाइक परीक्षा करते. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती १९५२ साली मांडली. रुग्णाला बसवून डोके एका बाजूला ४५ अंश वळवायचे आणि त्याच स्थितीत पटकन उताणे निजवून मान थोडी मागे लोंबती ठेवायची. त्या बाजूच्या कानातल्या मागच्या नलिकेत खडे असतील, तर काही सेकंदांत भोवळ येते आणि बुबुळे झटके देत वर व गोल फिरू लागतात. मग तीच परीक्षा दुसऱ्या बाजूने करायची. या परीक्षेला डोळे उघडे ठेवणे जरूर असते. म्हणून रुग्णाला आधीच सांगते, 'मावशी, गरगरेल, पण मिनिटभरात थांबेल. माझ्या नाकाकडे बघत राहा.' एवढे सांगितले की भीती निम्मी होते.

आडव्या नलिकेसाठी रुग्णाला उताणे निजवून डोके सरळ उजवीकडे आणि मग सरळ डावीकडे वळवून पाहतात. तेव्हा बुबुळे आडवी हलतात.

चार प्रमुख कृती

पुढील वर्णनांत उजव्या कानाच्या मागच्या नलिकेत खडे आहेत असे धरले आहे. डाव्या कानासाठी सर्व बाजू उलट होतात.

एप्ली कृती : अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी ही कृती शोधली. खडे हातांनी परत जागेवर आणता येतात, हे त्यांचे म्हणणे पुष्कळ सहकाऱ्यांनी सुरुवातीला हसण्यावारी नेले होते. त्यांचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आज ही कृती जगभर केली जाते. रुग्णाला पाय लांब करून बसवायचे आणि डोके उजवीकडे ४५ अंश वळवायचे. मग उताणे निजवून मान थोडी मागे लोंबती ठेवायची. भोवळ थांबेपर्यंत, निदान अर्धा मिनिट, तसेच थांबायचे. नंतर डोके मागे झुकलेलेच ठेवून डावीकडे ९० अंश वळवायचे व पुन्हा थांबायचे. मग डोके आणि अंग एकत्र डाव्या कुशीवर वळवायचे, इतके की नाक जमिनीकडे येईल. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून हळूच उठवून बसवायचे. या क्रमात खडे नलिकेतून घरंगळत परत पिशवीत पडतात.

सेमाँ कृती : फ्रान्समधील फिजिओथेरपिस्ट अलँ सेमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही १९८८ साली प्रसिद्ध केली. रुग्णाला खाटेच्या कडेवर बसवून डोके डावीकडे ४५ अंश वळवायचे. मग झटकन उजव्या कुशीवर निजवायचे, तोंड वरच्या बाजूला. मिनिटभर थांबून, डोक्याची दिशा न बदलता, मधे न थांबता एका झोक्यात डाव्या कुशीवर न्यायचे, तोंड आता खाटेकडे. पुन्हा मिनिटभर थांबून सावकाश बसवायचे. येथे झोक्याचा वेग महत्त्वाचा असतो. हळू केले तर खडे जागचे हलत नाहीत.

ब्रँट-डॅरॉफ व्यायाम : हा १९८० सालचा, म्हणजे या दोन्हींच्या आधीचा. खाटेच्या कडेवर बसून एका कुशीवर निजायचे, तोंड ४५ अंश वर. अर्धा मिनिट थांबायचे, उठून अर्धा मिनिट बसायचे, मग दुसऱ्या कुशीवर तसेच. असे पाच वेळा, दिवसातून तीनदा, सुमारे दोन आठवडे. रुग्णाला तो एकट्याने करता येतो आणि कान कोणता हे ठाऊक नसले तरी चालते.

अर्ध-कोलांटी : अमेरिकेतील डॉ. कॅरल फॉस्टर यांनी ही २०१२ साली मांडली. गुडघ्यांवर बसून आधी वर पाहायचे, मग कोलांटी घेताना टेकतो तसे डोके जमिनीला टेकायचे. डोके उजव्या कोपराकडे वळवायचे व भोवळ थांबू द्यायची. डोके वळलेलेच ठेवून पाठीच्या पातळीपर्यंत चटकन उचलायचे, थांबायचे आणि मग चटकन सरळ व्हायचे. खाट लागत नाही, दुसरे माणूसही लागत नाही.

आडव्या नलिकेसाठी या चारही कृती उपयोगाच्या नाहीत. तेथे लेम्पर्ट यांची लोळण्याची कृती करतात. उताणे निजून निरोगी कानाच्या दिशेने ९०-९० अंशांच्या टप्प्यांनी पूर्ण वेढा घ्यायचा. किंवा गुफोनी यांची कृती करतात. त्यात निरोगी बाजूच्या कुशीवर पटकन निजवून थोड्या वेळाने डोके जमिनीकडे वळवतात.

पुरावा काय सांगतो?

कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली एप्ली कृतीवरील ११ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून ७४५ रुग्ण होते. खोटी कृती केलेल्या किंवा उपचार न केलेल्या रुग्णांत भोवळ पूर्ण गेलेल्यांचे प्रमाण शंभरात २१ होते, एप्ली केलेल्यांत ते ५६ होते. म्हणजे काही जण आपोआप बरे होतात हे खरे, पण कृतीने बरे होणारे दुपटीहून अधिक. एप्ली आणि सेमाँ यांच्यात त्या आढाव्यात फरक दिसला नाही. ब्रँट-डॅरॉफ मात्र मागे पडला. त्यातील एका अभ्यासात आठवडाभर दिवसातून तीनदा केलेल्या त्या व्यायामापेक्षा एकदाच केलेली एप्ली सरस ठरली.

अर्ध-कोलांटीची एप्लीशी तुलना डॉ. फॉस्टर यांच्याच अभ्यासात झाली. पहिल्या फेरीत एप्लीचा गुण अधिक आला, पण अर्ध-कोलांटी करताना रुग्णांना गरगरण्याचा त्रास कमी झाला.

एप्लीचेही उणे आहे. करताना काहींना ओकारी येते. क्वचित खडे मागच्या नलिकेतून निघून आडव्या नलिकेत शिरतात आणि मग दुसरी कृती करावी लागते. बरे झालेल्यांपैकी पुष्कळांना ही भोवळ पुढे केव्हातरी परत येते. त्याच आढाव्यात ते प्रमाण शंभरात ३६ होते. परत आली म्हणजे उपचार फसला असे नव्हे. खडे पुन्हा सुटले, तर कृतीही पुन्हा करता येते.

आमच्या डोंगरात निवड कशी होते?

पुस्तकात सगळ्या कृती तपासणीच्या टेबलावर दाखवलेल्या असतात. पाड्यावर टेबल नसते. असते ती सुंभाची खाट, मधे झोळ पडलेली. तिच्या कडेवरून मान लोंबती ठेवायला गेले तर लाकडी गाता पाठीत रुततो आणि डोके हवे तेथे येत नाही. म्हणून आम्ही एप्ली जमिनीवर करतो. सतरंजी अंथरायची आणि गोधडीची घट्ट घडी खांद्यांखाली येईल अशी ठेवायची. मान आपोआप मागे झुकते. पहिली निवड हीच, कारण पुरावा भक्कम आहे, वेग लागत नाही आणि वयस्क माणसालाही सोसते.

मान मागे नेता येत नसेल, तर सेमाँ बरी पडते, कारण तिच्यात मान मागे लोंबती ठेवावी लागत नाही. तिला मजबूत बाक किंवा पलंग मात्र हवा आणि रुग्णाचे अंग झोक्याने वळण्याइतके हलके हवे. कंबर किंवा खुबा दुखणाऱ्या आजीला मी तिच्या वाटेला नेत नाही.

अर्ध-कोलांटी मी तरण्या माणसांना शिकवते, विशेषतः ज्यांना ही भोवळ आधी येऊन गेली आहे आणि जी आता कामासाठी दूर जाणार आहेत त्यांना. ऊसतोडीला निघालेल्या एका दादाने ती दोनदा माझ्यासमोर करून दाखवली आणि कोणता कान हे हातावर खूण करून नेले. तेथे फडात त्याला कोण डॉक्टर भेटणार? गुडघे दुखणाऱ्यांना आणि फार स्थूल माणसांना ती जमत नाही.

ब्रँट-डॅरॉफ मी शेवटी ठेवते. दोन आठवडे, दिवसातून तीनदा, आणि दर वेळी भोवळ मुद्दाम ओढवून घ्यायची, हे पहाटेपासून राबणाऱ्या बाईला सांगणे सोपे असते आणि तिला करणे फार कठीण. कान ठरत नसेल किंवा पावसाळ्यात नदी भरून दवाखान्यात परत येणे शक्य नसेल, तेव्हा तो उपयोगी पडतो.

तेव्हा चांगली कृती कोणती, याचे माझे उत्तर असे : कान आणि नलिका ओळखल्यावर बहुतेकांसाठी एप्ली, मान अडत असेल तर सेमाँ, दूर जाणाऱ्या तरुणांसाठी अर्ध-कोलांटी आणि दुसरे काही शक्य नसेल तेव्हा ब्रँट-डॅरॉफ. न ओळखता केलेली उत्तम कृतीही वाया जाते.

कृतीनंतर

पूर्वी एप्लीनंतर दोन रात्री बसून झोपायला सांगत. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शनात अशी बंधने घालू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतो आणि घरी जाताना कोणीतरी सोबत राहील असे पाहतो, कारण पायवाट निसरडी असते आणि पहिले काही तास तोल जरा कच्चा वाटतो. काही दिवसांनी पुन्हा परीक्षा करतो. खडे उरले असतील, तर कृती पुन्हा.

चक्करेच्या गोळ्या खडे हलवत नाहीत. ओकारी फार असेल तर एक-दोन दिवस त्यांचा आधार घ्यावा, पण महिनोन् महिने घेऊ नयेत. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्याने म्हाताऱ्या माणसांत हातपाय ताठरणे व कापरे भरणे सुरू होऊ शकते. आपणापैकी कोणी अशा गोळ्या सतत घेत असाल, तर आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

ही कृती केव्हा करू नये?

चक्करेबरोबर बोलणे अडखळत असेल, एकाची दोन दिसत असतील, हातपाय लुळे पडत असतील, चालताच येत नसेल, अचानक तीव्र डोके दुखू लागले असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. गरगरणे तासन् तास न थांबता चालू असेल किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तरीही तेच करावे. मानेचे हाड मोडलेले, मानेची शस्त्रक्रिया झालेली किंवा डोळ्याचा पडदा सुटलेली व्यक्ती असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना हात लावू नये. दिवस भरत आलेल्या बाईला बराच वेळ उताणे निजवू नये. पहिली परीक्षा आणि पहिली कृती जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. घरी करायची ती त्यानंतर.

आपला यातला वाटा

पाड्यातल्या एका मावशींना महिनाभर घरच्यांनी अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले होते. त्यांच्या अंगात काही शिरले आहे, असा शेजाऱ्यांचा समज झाला होता आणि सुनेकडे बोट दाखवले जाऊ लागले होते. जमिनीवर, गोधडीच्या घडीवर, दोनदा एप्ली केल्यावर त्या स्वतः उठून दारापर्यंत आल्या. त्या घरात त्यानंतर सुनेला कोणी काही म्हणाले नाही. चक्कर गेल्याच्या आनंदाहून मला ही गोष्ट मोठी वाटते. आम्ही भगताशी किंवा शेजाऱ्यांशी वाद घातला नाही. बाई चालू लागली, तेवढे पुरले.

अशा प्रत्येक पाड्यापर्यंत मी पोचू शकत नाही. म्हणून आपल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांना निदान एवढे शिकवायचे आहे : अंधारी आणि गरगरणे यांतला फरक, धोक्याची लक्षणे आणि कोणाला दवाखान्यात आणायचे ते. ज्या सेविका तयार होतील, त्यांना पुढे परीक्षा आणि एप्ली हाताला धरून शिकवायची आहे. यासाठी लागते ते शिकवण्याच्या दिवसांचे जेवण, एसटीचे भाडे, काही सतरंज्या आणि दवाखान्यासाठी एक मजबूत, रुंद लाकडी बाक. आपल्या मंडळीत कोणी सुतारकाम करणारे बंधू असतील, तर त्यांनी बाकासाठी कळवावे.

आणि आपण प्रार्थना करताना या सेविकांची आठवण ठेवा. घरचे, शेतातले सगळे उरकून त्या दोन-दोन तास चालत शिकायला येतात. त्यांच्या हातांना कौशल्य, डोळ्यांना पारख आणि घाबरलेल्या माणसाजवळ शांत बसण्याचे धैर्य प्रभूने द्यावे.